ज्यांची तिथी कळली नाही



युद्धावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना लढाई ऐकायची असते. आज मी लढाईबद्दल थोडेच बोलणार आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूत-अल-अमारा नावाच्या गावी इंग्रजांचे एक अख्खे सैन्य तुर्कांना शरण गेले. त्यातली हजारो माणसे नंतर तुर्कांच्या कैदेत मेली. ती कशी मेली आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांची आठवण कशी ठेवली, हा आजचा विषय.

तो इथे मांडण्याला कारण आहे. त्या सैन्याचे नावच सहावी पुणे डिव्हिजन. १०३ मराठा लाइट इन्फंट्री, ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा या तीन पलटणी त्यात होत्या. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या होत्या. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या कितीतरी घरांतली पोरे त्यात होती, आणि त्यांच्याबरोबर पंजाबी, राजपूत, गुरखे आणि गोऱ्यांच्याही पलटणी होत्या.

आमच्या घरातलेही एक जण त्यात होते, माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. घरात त्यांना ‘बसऱ्याचे आजोबा’ म्हणत. गेले तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे होते, मूलबाळ नव्हते, आजोबा होण्याइतके ते जगलेही नाहीत. पण तीन पिढ्यांनी त्यांना याच नात्याने ओळखले. कूत हे नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. समुद्रापलीकडचा तो सगळा मुलूख म्हणजे बसरा, आणि तिथे झाली ती बसऱ्याची लढाई. कूत मला भेटले ते फार पुढे, पुस्तकांतून.

मोहिमेची हकीकत थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९१४ मध्ये फौज इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा तिच्या हाती आले. मूळ काम तेलाच्या नळांचे रक्षण करण्याचे. पण बगदादचा मोह सुटेना. टायग्रिसच्या काठाने वर सरकत सप्टेंबर १९१५ मध्ये फौजेने कूत घेतले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस बगदादच्या तोंडाशी टेसिफोन गाठले. तिथे इतकी माणसे पडली की मागे फिरण्यावाचून इलाज उरला नाही. ३ डिसेंबरला दमलेली फौज कूतला परतली. टायग्रिसने तीन बाजूंनी वळसा घातलेले ते लहानसे गाव. ७ डिसेंबरपासून तुर्कांनी त्याला वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेला. जवळजवळ पाच महिने. वेढा फोडण्यासाठी खालून जी फौज वारंवार धडका देत होती तिची सुमारे २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली, आणि आत अडकलेले जवळजवळ १३,००० लोक कैद झाले. त्यांतले बहुसंख्य हिंदी, आणि सगळेच काही बंदूकवाले नव्हते. भिस्ती होते, खेचरे हाकणारे होते, डोलीवाले, स्वयंपाकी, झाडूवाले होते.

वेढ्यातल्या उपासमारीविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण कैदेतल्या मरणाची सुरुवात तिथेच झाली. गावात धान्याचे साठे सापडले, पण दळायला पुरेशी साधने नव्हती; तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. एप्रिलमध्ये पिठाची पोतीही विमानातून टाकली. वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद पुरवण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकांत. शेवटच्या दिवसांत माणशी पीठ चार-पाच औंसांवर आले, म्हणजे दोन पातळ भाकऱ्यांचे.

मग घोडे आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस खायला नकार दिला. टाउनशेंडने बिनतारी यंत्राने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आली, तरीही एप्रिल उजाडेपर्यंत पुष्कळ जण ढिम्म हलले नाहीत. परिणाम डॉक्टरांच्या नोंदींत दिसतो. गोऱ्या शिपायांना मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला, तो कोंड्यासकटच्या आट्यावर आल्यावर ओसरला. हिंदी शिपायांना आटा होता म्हणून ते बेरीबेरीतून वाचले, पण ताजे मांस नाही आणि भाजी नाही, त्यामुळे त्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागले, सांधे दुखू लागले. स्कर्व्हीने पुष्कळ माणसे इस्पितळात पडली.

इंग्रज लेखकांच्या पुस्तकांत या नकाराबद्दल वैताग भरलेला आहे. अडाणी हट्टामुळे सैन्याची ताकद गेली, असा त्यांचा सूर. मला त्यात वेगळे दिसते. हे शिपाई सांगत होते की घोडा खाल्ला तर गावी आम्हाला पंक्तीला कोण घेईल, आमच्या मुलींना कोण करून घेईल. म्हणजे हिरड्यांतून रक्त येत असतानाही तो माणूस गावच्या पंक्तीचा विचार करत होता. आपण घरी परतणार आहोत हे तो धरून चालला होता. मेसोपोटेमियाच्या चिखलात, तोफांच्या माऱ्याखाली, त्याने आपल्या घराशी असलेले नाते अन्नाच्या घासापर्यंत राखले. पुढे जे घडले ते पाहताना त्याची ही खात्री मला फार जड जाते.

शरणागतीनंतर सगळ्यांना नदीच्या वरच्या अंगाला शुमरानच्या तळावर नेले. तिथे तुर्कांनी आपल्या सैन्याची कडक काळी बिस्किटे वाटली. पाच महिने अर्धपोटी राहिलेल्या लोकांनी ती अधाशासारखी खाल्ली आणि त्या पहिल्याच दिवसांत अनेक जण पोट सुजून, जुलाब होऊन मेले. मग अधिकारी वेगळे काढले आणि शिपाई वेगळे. अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेले. शिपायांना पायी चालवले. बूट, ब्लँकेटे, पाण्याच्या बाटल्या वाटेत पहारेकऱ्यांनी काढून घेतल्या किंवा भाकरीसाठी विकल्या गेल्या. मे महिन्याचे इराकी ऊन, आजारी माणसे, अनवाणी पाय. बगदादहून समाऱ्यापर्यंत आगगाडी होती. पुढे पुन्हा पायीच. तिक्रित, शरकत, मोसूल, नुसैबिन आणि शेवटी रास-अल-ऐन. जो खाली बसला तो मागे राहिला.

रास-अल-ऐन आज सिरियात, तुर्कस्तानच्या अगदी सीमेवर आहे. तेव्हा बगदाद रेल्वेचे काम तिथपर्यंत पोचले होते आणि लोहमार्ग पुढे नेण्यासाठी मजूर हवे होते. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना तिथे भराव घालायला, खडी फोडायला लावले. इतरांना पश्चिमेकडे अमानुस आणि टॉरस डोंगरांतल्या बोगद्यांच्या कामावर पाठवले. त्याच वाळवंटात वर्षभर आधीपासून आर्मेनियन लोकांना हाकलून आणून मारले जात होते. आपली माणसे तिथे पोचली तेव्हा त्यांनी त्या कत्तलीचे अवशेष पाहिले. ताप, हगवण आणि टायफस यांनी उरलेले काम केले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक या कैदेतून परतले नाहीत. हिंदी माणसांचे प्रमाण त्याहून कमी असले तरी त्यांची संख्या हजारांत आहे, आणि ती प्रत्येक पुस्तकात वेगळी आहे. गोऱ्या मृतांचा हिशेब जेवढा लागला तेवढा यांचा कधी लागलाच नाही. जनरल टाउनशेंड या काळात इस्तंबूलजवळच्या बेटावर, बंगल्यात, नोकरचाकरांसह होता. आपल्या माणसांचे काय चालले आहे यासाठी त्याने जिवाचे रान केल्याचा पुरावा नाही. हे बोलताना मला आजही राग येतो आणि तो लपवावा असे वाटत नाही.

एक राजकीय धागा जाताजाता नोंदवतो. या मोहिमेच्या गैरव्यवस्थेची चौकशी झाली, मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला, भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी माँटेग्यू आले. राज्यकारभार सुधारण्याची त्यांची ऑगस्ट १९१७ ची जी घोषणा आपण शाळेत शिकतो तिच्या मागे कूतचीही सावली आहे. पण राज्यकारभार सुधारण्याच्या त्या चर्चेत रास-अल-ऐनला खडी फोडणाऱ्या शिपायाचे नाव कुठे आले नाही.

आता मी तुम्हाला एका आजींबद्दल सांगणार आहे. त्या आपल्याकडच्या नाहीत, कलकत्त्याच्या आहेत, पण या विषयात त्यांना सगळ्यात वरचे स्थान द्यावे असे मला वाटते.

कूतच्या वेढ्यात कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी नावाचे एक बंगाली डॉक्टर होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला होता. मोहिमेवरून ते आईला नियमित पत्रे लिहीत. त्या पत्रांत जखमींचे हाल आहेत, चिखल आहे, आणि या सगळ्या रक्तपाताच्या मुळाशी असलेल्या देशाभिमानाबद्दलचा कडवट विचारही आहे. साम्राज्याच्या गणवेशात असताना, या तरुण डॉक्टरने आईला लिहिले की देशाच्या नावाखाली दुसऱ्याची भूमी बळकावणे आणि माणसे मारणे हे इंग्रजांनीच जगाला शिकवले. शरणागतीनंतर तेही कैदेत गेले. रास-अल-ऐनला कैद्यांवर उपचार करता करता तापाने मार्च १९१७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या ११ तारखेला इंग्रजांनी बगदाद घेतले होते. ज्या शहरासाठी हा सगळा खटाटोप झाला ते हाती आले, आणि त्याच्यापासून शेकडो मैलांवर, वाळवंटातल्या एका तळावर हा माणूस गेला.

त्यांच्या आजी मोक्षदा देवी. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या त्या भगिनी. १८७० च्या सुमारास त्यांनी बंगालीत स्त्रियांसाठी नियतकालिक चालवले होते, त्या कविता लिहीत. नातवाच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९२८ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्यांनी त्याच्यावर चारशेच्या वर पानांचे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘कल्याण-प्रदीप’ हे त्याचे नाव. नातवाचे बालपण, शिक्षण, पत्रे, तारा, सगळे त्यांनी एकत्र केले. एवढेच करून त्या थांबल्या असत्या तरी ती प्रेमाची मोठी गोष्ट झाली असती. पण त्यांनी मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा इतिहास वाचून काढला, लढायांचा क्रम लावला, सरकारी निर्णयांची चिकित्सा केली. आपला नातू कुठे होता, कुणाच्या चुकीमुळे तिथे अडकला, कसा चालला, कसा मेला, हे समजून घेतल्याशिवाय त्याची आठवण पुरी होत नाही, असे त्यांनी मानले. शोक आणि चौकशी ही दोन वेगळी कामे त्यांनी वेगळी ठेवली नाहीत. कूतवर इंग्रज सेनानींनी लिहिलेली पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी या आजींचे पुस्तक ठेवले पाहिजे.

याच कैदेतून वाचलेले शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हे बंगाल अँब्युलन्स कोअरमधले स्वयंसेवक. त्यांनी रोजनिशी ठेवली होती. वाटचालीत ती पकडली जाऊ नये म्हणून तिची पाने फाडून बुटात लपवली, पुढे अलेप्पोच्या इस्पितळात काम करताना ती पुन्हा उतरवून काढली. ‘अभि ले बगदाद’ हे त्यांचे पुस्तक १९५७ मध्ये निघाले. त्यात तुर्क पहारेकऱ्यांची क्रूरता आहे, आणि काही तुर्क शिपायांशी, आर्मेनियन सोबत्यांशी जुळलेला जिव्हाळाही आहे. तुर्की शिपाईही आपल्यासारखाच दुसऱ्याच्या हुकमाने मरायला आलेला शेतकरी, हे त्यांना उमगले होते. कैदेचा इतका स्वच्छ डोळ्यांनी लिहिलेला वृत्तांत आपल्या देशात विरळा.

या दोन्ही घरांत लेखणी होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिपायाच्या घरात ती नव्हती. मग तिथे काय झाले?

आमच्या घरचेच सांगतो. बसऱ्याच्या आजोबांच्या पत्नीला आम्ही धाकटी आजी म्हणत असू. मी शाळेत जायला लागलो तेव्हा त्या होत्या. त्यांच्याबद्दलचे बरेचसे मला माझ्या आजीने सांगितले, आणि आजीला तिच्या सासूबाईंनी. पलटण कैद झाल्याची बातमी १९१६ च्या पावसाळ्याआधी गावात आली. त्यानंतर लढाई संपेपर्यंत एक अक्षर नाही. १९१९ मध्ये सुटलेले कैदी परतू लागले. शेजारच्या गावचा एक शिपाई मुद्दाम आमच्याकडे आला. अंगणातच बसला, आत यायला तयार होईना. मोसूलपर्यंत तुमचा माणूस माझ्याबरोबर होता, म्हणाला. पुढे पाय सुजले, चालवेना, म्हणून मागे राहिला. त्यापलीकडे त्याने काही सांगितले नाही. सांगण्यासारखे त्याच्याजवळ असेल, पण सोळा-सतरा वर्षांच्या वयात दाराशी सोडलेली आणि आता विशी ओलांडलेली ती बाई समोर उभी होती.

‘मागे राहिला’ हे दोन शब्द धाकट्या आजीने धरून ठेवले. मागे राहिलेल्याला कुणी पाणी दिले असेल, कुणी घरात घेतले असेल. सरकारने मात्र मृत धरले आणि पेन्शन लागली. ती घ्यायला मामलेदार कचेरीत जावे लागे. आजी सांगे की त्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावून कचेरीत जात, विधवा म्हणून अंगठा उठवत, आणि तशाच घरी परत येत. कारकून पहिल्या एक-दोन वेळेला काहीतरी बोलला. मग तोही बोलायचा थांबला. घरात पैशाची गरज होती, अंगठा उठवल्याशिवाय भागत नव्हते. सरकारी कागदावर नवरा मेलेला आणि घरात तो वाटेवर असलेला, अशा दोन्ही गोष्टी एकाच बाईने वर्षानुवर्षे सांभाळल्या.

परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग त्याला मृत समजून क्रिया करावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. देह नसला तर पालाशविधी करतात. पळसाची ३६० देठे घेऊन त्यांची माणसाच्या आकारात मांडणी करायची. डोक्यासाठी इतकी, मानेसाठी इतकी, छातीसाठी, हातांसाठी, पायांसाठी इतकी, असे प्रत्येक अवयवाचे माप ठरलेले आहे. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. मग त्या आकृतीला अग्नी द्यायचा. आमच्याकडे बारा वर्षे भरल्यावर हा विधी झाला. पळसाची पाने धाकट्या आजीने स्वतः आणली, देठे स्वतः मोजली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्या दिवशी त्यांनी कुंकू पुसले.

त्यानंतर प्रश्न आला म्हाळाचा. मृत्यूची तिथी कोणती धरायची? भटजींनी सांगितले की लढाईत गेलेल्यांची, शस्त्राने मेलेल्यांची भाद्रपद वद्य चतुर्दशी, घात चतुर्दशी. पणजोबा म्हणाले, तो शस्त्राने मेला नाही. तो चालता चालता गेला. बराच खल होऊन शेवटी ज्यांची तिथी माहीत नाही त्यांची सर्वपित्री अमावास्या ठरली, आणि तेव्हापासून त्या दिवशी आमच्याकडे त्यांच्या नावाचे पान ठेवले जाते.

पणजोबांचे ते बोलणे मला फार महत्त्वाचे वाटते. भावाला वीरमरणाचा मान आयता मिळत होता. तो त्यांनी घेतला नाही, कारण ते खरे नव्हते. कैदेतला मृत्यू हा धारातीर्थी पडल्याचा मृत्यू नव्हे. त्यात चढाई नाही, निशाण नाही, पोवाड्याला विषय नाही. सुजलेले पाय आहेत, हगवण आहे, उपासमार आहे. म्हणूनच सार्वजनिक स्मरणात त्याला जागा मिळत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या इतिहासात शरकतच्या लढाईला मानाचे पान आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये ११४ मराठा पलटणीने तिथे मोठा पराक्रम केला, तो मान रास्तच आहे. पण त्याच शरकतवरून दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तीन मराठा पलटणींचे कैदी अनवाणी चालत गेले होते, हे आपण त्या पानाशेजारी लिहीत नाही. जागा एक, माणसे त्याच मुलखातली. एकाची आठवण पलटणीने ठेवली, दुसऱ्याची फक्त घराने.

सरकारी स्मारकांचे काय? लढाई संपल्यावर प्रत्येक मृताच्या घरी कांस्याची एक गोल ताटली पाठवण्यात आली. जेमतेम पाच इंच व्यासाची. तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह, आणि उठावाच्या अक्षरांत मृताचे नाव, हुद्द्याशिवाय. सेनापती असो की शिपाई, ताटली सारखीच. आमच्याकडे ती देव्हाऱ्यात आहे. इतकी वर्षे हळदकुंकू वाहून आणि चिंचेने घासून सिंहाचे तोंड सपाट झाले आहे, अक्षरे बोटाला लागतात पण डोळ्यांना नीट दिसत नाहीत. अशा असंख्य ताटल्या आपल्याकडे मोडीत गेल्या.

दुसरे स्मारक खुद्द बसऱ्याचे. १९२९ मध्ये उभे राहिलेल्या त्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्यांमध्ये साध्या शिपायाचेही नाव आहे. हिंदी लोकांत फक्त अधिकाऱ्यांची नावे आहेत. शिपायांची पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या. सद्दाम हुसेनच्या काळात, १९९७ मध्ये, ते अख्खे स्मारक बसरा शहराजवळून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभे केले. आपल्या गावांतल्या त्या काळच्या पाट्याही तुम्ही पाहिल्या असतील. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. तिथेही आकडाच.

हे का झाले याचा शोध घेणारा अहवाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला आणि माफी मागितली. किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृत असे आहेत की ज्यांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत किंवा ज्यांचे स्मारकच नाही, असे तो सांगतो. त्यांत बहुतेक आफ्रिकेतले लोक. शंभर वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्यांची समजूत अशी की त्यांना आणि हिंदी लोकांना वैयक्तिक स्मारकाचे तेवढे महत्त्व नाही.

आपल्या घरात पिंड कसा देतात हे त्यांनी कुणाला विचारले असते तर? नाव आणि गोत्र उच्चारल्याशिवाय पिंड देता येत नाही. वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे नाव घ्यावे लागते. मृताला नाव लागते, हे ज्या समाजात सहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते, त्या समाजाला नावाचे महत्त्व नाही असे ठरवून त्यांच्या मुलांचे आकडे कोरले गेले. आणि खरे सांगायचे तर स्वातंत्र्यानंतर आपणही तो निर्णय तसाच पुढे चालू दिला. परक्याच्या लढाईत, परक्याच्या पगारावर गेलेली माणसे, अशी आपली मनातली नोंद होती. ती लढाई परक्याची होती यात शंका नाही. कल्याण मुखर्जींनी तर ते तिथे बसूनच ओळखले होते. पण माणूस आपला होता. त्याच्या मनीऑर्डरीवर इथली घरे चालली, त्याच्या बायकोने इथे वाट पाहिली.

म्हणून माझे आज एकच मागणे आहे. या माणसांना वीर ठरवा, असे मी म्हणत नाही. त्यांची नावे लिहून काढा, आणि ती कशी मेली हे खरे तेवढेच लिहा.

हे काम होण्याजोगे आहे. पंजाबातून लढाईला गेलेल्या सुमारे ३,२०,००० लोकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्या काही वर्षांपूर्वी संगणकावर आणून सर्वांसाठी खुल्या करायला सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये वसलेली पंजाबी नातवंडे आता आपल्या गावाचे नाव घालून पणजोबांचा शोध घेतात. मुंबई इलाख्यासाठी असे दालन माझ्या पाहण्यात नाही. पण कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या याद्या इंटरनेटवर आहेत. बसरा स्मारक आणि मराठा पलटण एवढे घातले की नावे दिसू लागतात. अनेक नावांपुढे वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव, तालुका आणि रत्नागिरी, कुलाबा किंवा सातारा जिल्हा लिहिलेला असतो. स्पेलिंग कारकुनाने कानाला आले तसे केले आहे, त्यामुळे मोठ्याने वाचून पाहावे लागते. गावाचे नाव तोंडाने उच्चारले की ओळख पटते. मृत्यूची तारीख मात्र सावधपणे घ्यावी. ज्यांचे मरण कुणी पाहिले नाही त्यांच्यापुढची तारीख ही कचेरीत ठरवलेली असते.

काही जणांच्या घरी पदके असतील. पदकाच्या गोल कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीचे म्हणून मोडायला काढण्याआधी ती कड भिंगाखाली धरा. पेन्शनचे जुने कागद, मामलेदार कचेरीच्या पावत्या, मनीऑर्डरीची कुपने, काहीही असले तरी त्याचा फोटो काढून ठेवा. आणि घरात ऐंशीच्या पुढच्या कुणी बाई असतील तर त्यांना आधी विचारा. सर्वपित्रीला घरात पाने किती ठेवतात आणि कुणाकुणाची, हा प्रश्न विचारला की पुष्कळ घरांत एक अनोळखी नाव निघते.

आम्ही काही जणांनी खेड तालुक्यापासून सुरुवात केली आहे. पुढच्या पितृपंधरवड्याच्या आत पहिली यादी छापायचा विचार आहे. सभागृहाच्या दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. आपल्या घरातले किंवा भावकीतले कुणी असेल तर जाताना नाव, वडिलांचे नाव, गाव आणि वाडी लिहा. पलटण आणि नंबर माहीत नसतील तर ते रकाने मोकळे ठेवा, ते आम्ही शोधू.